माळ्यावरचं दप्तर स्कॅन करताय? या चुका टाळा

पुण्यातल्या पेठांमधला वाडा पुनर्विकासाला निघाला की माळ्यावरून मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, खाली येतात आणि घरातलं कुणीतरी मोबाइलवर फोटो काढायला बसतं. पहिलं नुकसान इथेच होतं. रुमाल सोडला की कागद आकारानुसार ‘नीट’ लावायचा मोह होतो, तो आवरा. एकत्र बांधलेले कागद बऱ्याचदा एकाच व्यवहाराचे असतात. क्रम मोडला, तर बिनतारखेचा कागद कशाचा हे पुन्हा कळणं कठीण. आधी बांधलेल्या रुमालाचा फोटो घ्या, मग वरून खाली प्रत्येक कागदाला क्रमांक द्या आणि फाइललाही तेच नाव ठेवा. पाठ कोरी वाटली तरी टिपा; शिक्का किंवा पोचल्याची नोंद तिथे सापडू शकते.

स्कॅनिंग अ‍ॅपचा कागद पांढराशुभ्र करणारा फिल्टर बंद ठेवा, त्यात पुसट शाई उडते. मूळ प्रत रंगीत टिफ फाइल, म्हणजे तपशील न गाळता साठवलेली. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला वेगळी जेपेग. सेलोटेप आणि लॅमिनेशन अजिबात नको.

सगळ्यात मोठा घोळ तारखांचा. इसवी सन काढायला शकात सरसकट ७८ मिळवतात. पानिपतची लढाई शके १६८२, पौष शुद्ध अष्टमीची. बेरीज येते १७६०, पण लढाई झाली १४ जानेवारी १७६१ रोजी! शकाचं वर्ष चैत्रात बदलतं, त्यामुळे जानेवारी लागल्यापासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवायचे. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सनही असतो, म्हणजे अरबी अंकशब्दांत लिहिलेलं वर्ष. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१. हे वर्ष मृगापासून मोजतात, म्हणून ते १७६०-६१ मध्ये पसरतं. यादीत तारखेचे दोन रकाने करा: कागदावर आहे तशी, आणि इसवी सनातली. दुसरा चुकला तरी पहिल्यावरून दुरुस्त करता येतो.

ही यादी जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलीत, तर उद्या ‘सनद’ शोधल्यावर काहीच सापडणार नाही. युनिकोडच वापरा. मोडीलाही २०१४ पासून युनिकोडमध्ये जागा आहे, पण शोधायला देवनागरी लिप्यंतर लागतंच.

सगळं एकाच हार्ड डिस्कवर ठेवणं किती धोक्याचं, हे १९६१चा पानशेतचा पूर सोसलेल्या शहराला वेगळं सांगायला नको. तीन प्रती करा, त्यांतली एक गावाबाहेर ठेवा, आणि वर्षातून एकदा फाइली उघडून बघा.

स्कॅन झालं म्हणून मूळ कागद मात्र रद्दीत घालू नका. शाई, कागद, घड्या यांचा अभ्यास मूळ कागदावरच होतो. घरी जागा नसेल, तर १९१० पासून हेच काम करणाऱ्या भारत इतिहास संशोधक मंडळात आधी विचारा.