आधी घट्ट, मग उंच: जुनी फोर-बाय-फोर मॉडिफाय करताना या चुका टाळा

पाऊस तोंडावर आला की नाशिकच्या गॅरेजांत एक मागणी हमखास ऐकू येते, "गाडी जरा उंच करून द्या." दारात एखादी महिंद्राची एमएम 540 नाहीतर मारुतीची जिप्सी उभी असते, वय वीसच्या पुढे. मालकाच्या मोबाइलमध्ये परदेशातल्या कुठल्यातरी जीपचा फोटो असतो. मग शॅकल (पाट्याच्या स्प्रिंगला चासीशी जोडणारे दुवे) येतात, टायर येतात, जाड बंपर येतो, टपावर लाइटचा दांडा चढतो. आणि दिवाळीच्या आत तीच गाडी "स्टेअरिंग थरथरतं, ब्रेक लागत नाही, गरम होते" म्हणत परत त्याच दारात येते.

यातले बरेच दोष नव्या सामानाचे नसतातच. जुनी झीज आत बसून होती, मोठ्या टायरने ती उघडी पाडली. म्हणून पहिला खर्च गाडी उंच करण्यावर नाही, घट्ट करण्यावर करा. चासीवर हातोडीने टकटक करत फिरा. मागच्या शॅकलचे हँगर, बॉडी माउंट (चासीवर बॉडी टेकते त्या जागा) आणि स्टेअरिंग बॉक्सच्या बोल्टांभोवतीचा पत्रा या तीन जागा आधी बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बोदा आला तर तिथे गंज आहे किंवा कुणीतरी पट्टी मारून रंग फासला आहे. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात आयुष्य काढलेल्या गाडीत हे हटकून सापडतं. पाट्यांचे बुश, टाय रॉड एंड (स्टेअरिंगच्या दांड्याचे सांधे), प्रोपेलरचे (एक्सलला ताकद नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, ब्रेकचे रबरी होज हे सगळं बदलायला लागणारी रक्कम एका मड टायरच्या जोडीपेक्षा फार वेगळी नसते. पण त्याचा फोटो काढता येत नाही, म्हणून ते राहतं.

टायरचं गणित न करता टायर घेणं

जिप्सीचा मूळ टायर 205/70 आर 15. त्याचा व्यास साधारण 668 मिमी. त्याऐवजी आपल्याकडे आवडीने 235/75 आर 15 बसवतात, त्याचा व्यास 733 मिमीच्या आसपास. म्हणजे गाडी उचलली किती? व्यासातल्या फरकाच्या निम्मी, जेमतेम 33 मिमी. बदल्यात सगळे गिअर सुमारे 10 टक्क्यांनी लांब झाले. मीटरचा काटा 80 वर असताना गाडी 88 ने पळते आणि लो रेशोमधला (चढ-चिखलासाठीच्या जादा हळू गिअरमधला) सरपटण्याचा वेग वाढतो. जिप्सीचा लो रेशो 2.268 आहे. हा टायर लावल्यावर तो व्यवहारात 2.07 इतकाच उरतो. दगडांच्या चढावर नेमका हाच फरक क्लचवर येतो. क्लचचा वास येऊ लागला की लोक क्लच प्लेटला शिव्या देतात, टायरकडे कुणी बघत नाही.

मोठ्या टायरने ब्रेकचाही जोर कमी पडतो, कारण चाकाचा हात लांब झाला आणि ड्रम तेवढाच राहिला. जुन्या जीपचे चारही ड्रम नीट सेट केले, गळके व्हील सिलिंडर बदलले आणि लायनिंगला ऑइल लागलेलं नाही हे पाहिलं, तरच मोठ्या टायरचा विचार करावा.

रुंदीचाही मोह आवरा. आपल्याकडे चिखल दोन प्रकारचा. त्र्यंबक-हरसूल बाजूला वर चिखल आणि खाली मुरूम किंवा कातळ. तिथे अरुंद टायर चिखल कापून खाली पकड घेतो, रुंद टायर वरच तरंगत घसरतो. निफाड-येवल्याच्या काळ्या रानात मात्र भर पावसात खाली पकड घ्यायला काही नसतंच. तिथे कोणताही टायर दोन फेऱ्यांत गुळगुळीत रूळ होतो. ज्या रस्त्यावर शेतकरी ट्रॅक्टर काढत नाही, तिथे आपली जीप काढू नये.

हवा कमी करणं हा फुकटातला सर्वांत मोठा मॉडिफिकेशन आहे. चिखलात, वाळूत 18 ते 20 पीएसआयवर आणलं की हलकी जीप वेगळीच गाडी वाटते. पण सह्याद्रीच्या काळ्या दगडाला धार असते. टोकदार दगडांत हवा फार उतरवली तर साइडवॉल चिरते आणि ती पंक्चरवाल्याच्या हातात उरत नाही. डांबरावर परतण्याआधी हवा भरायला छोटा कॉम्प्रेसर सोबत हवाच.

पाटे आणि शॅकल

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. गाडी पाट्यांनी कितीही उचला, डिफरन्शियलचा गोळा (एक्सलच्या मधला, चाकांना ताकद वाटणारा) जमिनीपासून तितक्याच उंचीवर राहतो. तो फक्त टायरने वर जातो. पाटे उचलण्याचा उपयोग मोठ्या टायरला जागा करण्यापुरता आणि चासी दगडाला लागू नये एवढ्यापुरता. चार इंचांचा लिफ्ट आणि मूळचेच टायर अशी गाडी दिसली की समजावं, मालकाने फोटोसाठी पैसे घातले.

स्वस्तातला उपाय म्हणजे लांब शॅकल. शॅकल 2 इंचांनी वाढवला की गाडी साधारण 1 इंचच उचलते. शिवाय या जुन्या जीप आणि जिप्सीमध्ये पुढचे शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतात. ते लांब केले की पाट्याचं पुढचं टोक खाली झुकतं, एक्सल पुढे कलतो आणि कॅस्टर, म्हणजे स्टेअरिंगला सरळ आणणारा पुढच्या चाकांचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. वळणानंतर स्टेअरिंग आपणहून सरळ होत नाही, सरळ रस्त्यावर गाडी डावी-उजवी शोधत जाते. मग मेकॅनिक पाटा आणि एक्सल यांच्यात पाचर घालतो. कॅस्टर परत मिळतो, पण पिनियनचं (प्रोपेलर जोडतो त्या डिफरन्शियलच्या गिअरचं) तोंड खाली जातं आणि पुढच्या प्रोपेलरच्या क्रॉसवर कोन वाढतो. म्हणून या गाड्यांना दीड-दोन इंचांपुढे उंची मागू नये, आणि तीही शक्यतो योग्य कमानीच्या नव्या पाट्यांनी घ्यावी.

दुसरी सवय म्हणजे ट्रकचे पाटे करणाऱ्याकडून एक-दोन जादा पाटे घालून घेणं. तो माणूस त्याच्या कामात पक्का असतो, पण त्याचं काम माल वाहायचं आहे. कडक पाटा खड्ड्यात चाक खाली सोडत नाही. चाक हवेत राहतं, उघडा डिफरन्शियल सगळी ताकद त्याच हवेतल्या चाकाला देतो आणि चार चाकांची गाडी जागेवर उभी राहते. वाकणारा पाटा हेच जुन्या जीपचं खरं भांडवल आहे.

लिफ्टनंतर गाडी जॅकवर घेऊन एक्सल पूर्ण लटकू द्या आणि तीन गोष्टी बघा: ब्रेक होज ताणला जातोय का, प्रोपेलरची स्लिप (सरकता जोड) बाहेर यायच्या बेतात आहे का, ड्रॅग लिंक (स्टेअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) फार तिरपी झाली का. यू-बोल्ट नवेच घ्या आणि काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. नवे पाटे बसले की हे बोल्ट सैल होतातच.

साठच्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं

सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत चुकीचा सोडवला जाणारा प्रश्न. आठवडाभर शांतता हवी असेल तर नवा स्टेअरिंग डॅम्पर (झटके शोषणारा दांडा) बसवा. डॅम्पर रोग झाकतो, बरा करत नाही.

आधी चाकांचं बॅलन्सिंग करा. मड टायरमध्ये वाळलेला चिखल रिमच्या आत चिकटलेला असतो, तोच आधी धुऊन काढा. मग पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिनचं (चाक ज्या खुंटीवर वळतं तिचं) बेअरिंग. जिप्सीत आणि जुन्या महिंद्रात हे किंगपिन बेअरिंग नेहमीचे गुन्हेगार आहेत. बेअरिंग बदलताना शिम (पातळ चकत्या) बरोबर बसले नाहीत तर नवं बेअरिंगही थरथरतं. त्यानंतर टाय रॉड एंड, पाट्यांचे बुश, स्टेअरिंग बॉक्सचे बोल्ट. कॅस्टर मोजणं सगळ्यात शेवटी. लिफ्टनंतर लगेच थरथर सुरू झाली असेल तरच तो आधी.

थरथर स्टेअरिंगला नसून बुडाखाली आणि वेगानुसार वाढणारी असेल, तर प्रोपेलर बघा. खोलून परत बसवताना दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुशाखे) एका रेषेत आले नाहीत, ही चूक अनुभवी हातांकडूनही होते. खोलण्याआधी खडूने खूण करायला किती वेळ लागतो?

भंगारातला एक्सल

जुन्या जीपना वेगवेगळ्या काळात वेगवेगळे क्राऊन-पिनियन (एक्सलमधली गिअरजोडी) आले, 5.38, 4.88, 4.27 अशा रेशोचे. भंगारातून "सेम टू सेम" म्हणून आणलेला मागचा एक्सल पुढच्यापेक्षा वेगळ्या रेशोचा निघाला की टू व्हीलमध्ये काही कळत नाही. फोर व्हील टाकल्यावर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि मधल्या मध्ये ट्रान्सफर केस (दोन्ही एक्सलना ताकद वाटणारी गिअरपेटी) फुटते. तपासणं सोपं आहे. एक चाक जमिनीवर, दुसरं हवेत. हवेतलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलरचे फेरे मोजा. जो आकडा येईल तोच रेशो. दुकानातच करून बघा, पैसे देण्याआधी.

रेशो बरोबर असूनही ट्रान्सफरचा लिव्हर अडकत असेल, तर बहुधा तुम्ही डांबरावर फोर व्हीलमध्ये आला आहात. या गाड्यांना मधला डिफरन्शियल नाही. वळणावर पुढचा आणि मागचा एक्सल वेगळं अंतर कापतात आणि कोरड्या रस्त्यावर तो फरक जायला जागा नसते. गिअर पिळून बसतात. लिव्हरला लाथ मारू नका. सरळ रिव्हर्समध्ये थोडी गाडी घ्या, सुटतो. नाहीच सुटला तर एक चाक जॅकवर उचला. आणि उलटी तक्रार, म्हणजे फोर व्हील टाकूनही पुढची चाकं ओढत नसतील, तर आधी पुढच्या चाकांचे हब (चाक एक्सलला जोडणारी कळ) लॉक केलेत का बघा. हसू नका, हे रोज होतं.

पाणी

स्नॉर्कल (इंजिनची हवा उंचावरून घेणारा पाइप) दिसतो म्हणून बसवला जातो. एअर क्लीनरच्या डब्याचं झाकण आणि जोड हवाबंद नसतील तर तो नुसता पाइप आहे. त्याहून आधी एक्सलचे ब्रीदर (आतली हवा ये-जा करायची भोकं) उंच करा. तापलेला एक्सल थंड ओढ्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. पावसाळ्यात प्लग थोडा सैल करून डिफरन्शियलचं ऑइल बघत राहा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्याच आठवड्यात बदला. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती इंजिन बेपर्यंत नेणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे.

पाण्यात इंजिन बंद पडलं तर स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढा, डिझेल असेल तर इंजेक्टर आणि पेट्रोल असेल तर स्पार्क प्लग काढूनच इंजिन फिरवा.

गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढणं

हा तर आपल्याकडचा राष्ट्रीय जुगाड. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारी झडप) काढला की काटा खाली येतो, सगळे खूश. इंजिन मात्र थंडीत पुरतं तापतच नाही, डिझेल जास्त पितं आणि लवकर झिजतं. गरम होण्याचं कारण बहुतेकदा समोर लटकवलेलं असतं: विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारं दोराचं यंत्र), जाड बंपर, दिव्यांची रांग, आणि रेडिएटरच्या पात्यांत वाळलेला चिखल. वणीच्या घाटात काटा वर गेला तर आधी ते धुवा. चिखल काढताना प्रेशरचं पाणी रेडिएटरच्या मागून पुढे मारा आणि पाती वाकणार नाहीत इतपत लांबून मारा.

विंच जुन्या पत्र्याच्या बंपरला नव्हे, चासीला बोल्टने धरलेल्या प्लेटवर हवी. ओढायच्या हुकाचंही तेच. टो बॉलला दोर अडकवून गाडी ओढणं जीवघेणं आहे, तो तुटला तर गोळीसारखा येतो. दिव्यांना रिले आणि फ्यूज वेगळे द्या, जुन्या वायरिंगवर ओढू नका.

कागद

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की आरसीवर नोंदलेला, उत्पादकाने दिलेला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. कलम 182 अ नुसार परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. धातूच्या बुल बारवर तर केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं. खासगी गाडीची आरसी 15 वर्षांनी आणि पुढे दर 5 वर्षांनी नव्याने करावी लागते, म्हणजे जुनी जीप आरटीओसमोर उभी राहणारच. इंजिन बदललं असेल तर नोंद आधी करून घ्या. मूळ बंपर, मूळ टायर, मूळ शॅकल भंगारात देऊ नका, माळ्यावर ठेवा. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. अपघातानंतर कळवलेलं उपयोगाचं नसतं.

गाडी तयार झाली की पहिली चाचणी बहुतेक जण गंगापूर धरणाच्या उघड्या पडलेल्या पात्रात घ्यायला निघतात. वर वाळलेली पापडी, खाली ओला गाळ, आणि ते शहराचं पिण्याचं पाणी. अंजनेरीच्या पठारावर तर चाक घालूच नका, तिथल्या काही वनस्पती जगात इतरत्र सापडत नाहीत. चाचणी ओळखीच्या शेतकऱ्याच्या मुरमाड पडीक रानात, त्याला विचारून घ्या. सोबत दुसरी गाडी ठेवा आणि परत आल्यावर यू-बोल्ट आवळा.