ऑगस्टमधलं कांगारू आयलंड: दिवस प्राण्यांच्या वेळेने आखा

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कांगारू आयलंडवर गर्दी होते ती डिसेंबर-जानेवारीत, तिकडच्या उन्हाळ्यात. ताई आणि मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा हिवाळ्यात. कुणी विचारलं तर मी ऑगस्टच सांगते. जुलैच्या पहिल्या पंधरवड्याच्या आसपास तिथल्या शाळांना सुट्टी असते, तेवढे दिवस टाळा.

उन्हाळ्यात दुपारभर प्राणी सावलीत दडून राहतात. हिवाळ्यात दुपारचं तापमान पंधरा अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे ते दिवसाही चरताना, हिंडताना दिसतात. शिवाय या बेटावर कोल्हे आणि ससे कधी रुजलेच नाहीत. मुख्य भूमीवर कोल्ह्यांनी संपवलेले लहान प्राणी इथे अजून टिकून आहेत.

मी खास जाते ती एकिडनासाठी. अंगभर काटे, लांब नळीसारखं तोंड, अंडी घालणारा सस्तन प्राणी. जून ते ऑगस्ट हा त्यांचा विणीचा हंगाम. पुढे एक मादी आणि तिच्या मागे नर, अशी रांगच लागते. ती बघायची तर गाडी हळू चालवा आणि रस्त्याकडेच्या गवतावर नजर ठेवा. ताजी उकरलेली माती दिसली की जवळपास कुठेतरी तो असण्याची शक्यता आहे. गाडी पुढे नेऊन सुरक्षित जागी उभी करा, इंजिन बंद करा, खाली उतरा आणि मग पाऊलही हलवू नका. त्याची नजर अधू असते, पण जमिनीतला हादरा त्याला लगेच कळतो. आम्ही वीस-पंचवीस मिनिटं तशाच उभ्या राहिलो, तेव्हा चौघांची रांग आमच्या दिशेने आली. पुढचीने ताईच्या बुटाचा वास घेतला आणि बाजूने निघून गेली. ताईने तेवढा वेळ श्वाससुद्धा जपून घेतला होता. एकिडना घाबरला तर बसल्या जागी माती उकरत खाली रुततो. तसं झालं तर तुम्ही निघून जा. त्याला उकरून बाहेर काढू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ऑगस्टमध्ये सूर्य साडेपाचच्या सुमाराला मावळतो आणि त्या वेळी कांगारू आणि वॉलबी (कांगारूचाच लहान भाऊबंद) रस्त्यावर येतात. म्हणून दिवस उलटा मोजा: पाचच्या आत मुक्कामी पोहोचायचं, त्यावरून सकाळी किती वाजता निघायचं ते ठरवा. पहिल्या खेपेला आम्ही 'अजून एक ठिकाण' करत राहिलो आणि अंधारात अडकलो. एक वॉलबी थेट दिव्यांसमोर आली. ती वाचली, पण माझे हात बराच वेळ थरथरत होते. भाड्याच्या गाडीचा करार नीट वाचा. अंधार पडल्यावर प्राण्याला धडक बसली किंवा कच्च्या रस्त्यावर नुकसान झालं, तर पुष्कळदा विमा लागू होत नाही. सार्वजनिक बस नाही, म्हणून गाडी हवीच. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात.

बेट सुमारे १५५ किलोमीटर लांब आहे. फेरीबोट पूर्वेला पेनेशॉ गावी लागते आणि फ्लिंडर्स चेस राष्ट्रीय उद्यान पश्चिम टोकाला, मध्ये दोन तासांचा रस्ता. रोज ये-जा करू नका, पश्चिमेकडे निदान दोन रात्री राहा. हिवाळ्यात काही ठिकाणं बंद असतात, आधी फोन करा. किराणा किंग्सकोट या बेटावरच्या मुख्य गावातच भरून घ्या. पश्चिमेला दुकानं तुरळक आणि मोबाईलची रेंजही भरवशाची नाही.

२०१९-२० च्या वणव्यात जवळजवळ अर्धं बेट जळालं आणि पश्चिम भागाला सर्वाधिक झळ बसली. काळे पडलेले बुंधे अजून दिसतात. त्यांच्याकडे पाठ फिरवू नका, थांबून बघा. जळलेल्या खोडातूनच पालवी फुटलेली दिसेल.

दक्षिण किनाऱ्यावरचं सील बे चुकवू नका. वाळूवर उतरायचं तर मार्गदर्शकासोबतच जाता येतं. ऑस्ट्रेलियन समुद्रसिंह तीन-तीन दिवस समुद्रात शिकार करतात आणि मग किनाऱ्यावर येऊन तितकेच दिवस पडून राहतात, त्यामुळे पावसातही ते भेटतात. त्यांचं प्रजननचक्र जवळपास अठरा महिन्यांचं असल्याने पिल्लांचा ठरावीक ऋतू नसतो. म्हणजे उन्हाळ्यात न गेल्याने इथे काही हुकत नाही. घोरपडी मात्र थंडीत बाहेर पडत नाहीत आणि समुद्रात पोहण्याचा विचार सोडून द्या.

फ्लिंडर्स चेसमधल्या अॅडमिरल्स आर्चला, म्हणजे खडकाच्या नैसर्गिक कमानीपाशी, वारा असा असतो की छत्रीचा काही उपयोग नाही. टोपीवाला, वारा न शिरणारा रेनकोट घ्या. खाली खडकांवर फर सील असतात. तिथल्याच रिमार्केबल रॉक्स या प्रचंड शिळांवर पाऊस पडून गेल्यावर जा. दगडांवरचं केशरी दगडफूल (लायकेन) तेव्हा उजळून निघतं, पण ओला ग्रॅनाइट घसरडा असतो, कडेला जाऊ नका. पायवाटेच्या तोंडाशी बूट स्वच्छ करायची सोय असेल तिथे आळस करू नका. मातीतून पसरणारा एक रोग तिथली झाडं मारतो.

आणि मध नेऊ नका, खोकल्यासाठी बॅगेत ठेवलेली छोटी बाटलीसुद्धा नाही. १८८० च्या दशकात इथे इटलीहून लिगुरियन मधमाश्या आणल्या आणि १८८५ मध्ये बेट त्यांच्यासाठी अभयारण्य ठरवलं. बाहेरच्या मधाबरोबर रोग येऊ शकतो. मध तिथेच विकत घ्या, चव घेतल्यावर पटेल.

मुख्य भूमीवरच्या केप जर्व्हिसपासून फेरीबोटीला पाऊण तास लागतो. हिवाळी समुद्र खवळला की ती रद्द होऊ शकते, म्हणून परतीच्या विमानाआधी एक अख्खा दिवस मोकळा ठेवा. मळमळीची गोळी चढण्याआधी घ्या. दुसऱ्या खेपेला आमची फेरी उशिरा होती, म्हणून पेनेशॉच्या किनाऱ्यावर दुर्बीण घेऊन बसलो. मे ते ऑक्टोबर सदर्न राइट व्हेल जातीचे देवमासे या पाण्यात येतात. ताईने न बोलता माझा दंड धरला आणि बोट दाखवलं: लाटांमध्ये एक रुंद काळी पाठ वर येत होती.