सोलापुरातून समुद्रतळाच्या शिंपल्यांकडे: नव्या विद्यार्थ्यांसाठी

सोलापुरात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थ्याने समुद्रतळाच्या गाळात राहणाऱ्या लहान शिंपल्यांवर काम करायचे ठरवले, की समुद्र एवढा दूर असताना सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न सगळेच विचारतात. माझ्या अनुभवावरून सांगतो, सुरुवात भीमेच्या काठावर करावी. तिथे मिळणाऱ्या लॅमेलिडेन्स या गोड्या पाण्यातल्या शिंपल्याचे रिकामे कवच धुऊन, तिरक्या उजेडात त्याची आतली बाजू पाहावी. कडेला समांतर जाणारी एक पुसट रेषा दिसते. प्रावाराचे, म्हणजे कवचाला आतून अस्तरासारख्या असणाऱ्या मांसल आवरणाचे, स्नायू कवचाला जिथे चिकटलेले असतात तिथली ती खूण आहे आणि लॅमेलिडेन्समध्ये ती कुठेही न मोडता सलग जाते.

मग विभागाच्या संग्रहातले टेलिना कुळातले समुद्री कवच शेजारी ठेवावे. त्यात हीच रेषा मागच्या टोकाजवळ एकदम आत वळून खोल खाच तयार करते. तिला पॅलियल सायनस म्हणतात. लांब सायफन (पाणी आत-बाहेर नेणाऱ्या मांसल नळ्या) आत ओढून घेणाऱ्या स्नायूंची ही जागा असल्यामुळे, खाच जितकी खोल तितका तो प्राणी गाळात खोल राहत असावा, असा अंदाज मेलेल्या कवचावरूनही बांधता येतो. जातींची नावे पाठ करण्याआधी विद्यार्थ्याने ही नजर कमवावी, असे माझे ठाम मत आहे.

सायफनवर शिंपल्याचे आयुष्य किती अवलंबून असते, हे उत्तर युरोपच्या भरती-ओहोटीच्या चिखलात राहणाऱ्या मॅकोमा बाल्थिकावरून चांगले कळते. याचे दोन्ही सायफन स्वतंत्र असतात आणि पाणी आत घेणारा सायफन सोंडेसारखा गाळाच्या पृष्ठभागावर फिरून बारीक कण टिपतो. पाण्यात तरंगते अन्न भरपूर असेल तेव्हा हाच प्राणी पाणी गाळूनही पोट भरतो. लहान चपटे मासे आणि कोळंबी सायफनची टोके कुरतडतात. ती पुन्हा वाढतात, परंतु तोवर आखूड सायफनमुळे शिंपल्याला वर सरकून राहावे लागते आणि मग सुमारे ३.५ सेंटिमीटर चोचीच्या रेड नॉट या चिखलातले शिंपले खाणाऱ्या किनारी पक्ष्याच्या टप्प्यात तो सहज येतो. माशाने घेतलेला एक घास पक्ष्याची वाट अशी मोकळी करतो, म्हणून शिंपला गाळात किती खोल होता हे नोंदवल्याशिवाय नमुना घेऊ नये.

थायासिरा कुळाची गोष्ट याहून विलक्षण आहे. त्यातल्या कित्येक जातींच्या कल्ल्यांत सल्फाइडवर जगणारे जिवाणू असतात. गाळाचा वरचा तपकिरी थर संपून सल्फाइडमुळे कुजक्या अंड्यांचा वास येणारा काळा थर लागतो तिथवर हे इवलेसे शिंपले आपला पाय लांबवून बोगदे करतात; प्रयोगशाळेत हा पाय कवचाच्या लांबीच्या ३० पटींपर्यंत लांबलेला आढळला आहे.

कामाच्या पद्धतीबद्दल थोडेच सांगतो. गाळ ०.५ मिलिमीटरच्या चाळणीवर पाण्याच्या हलक्या धारेने धुवावा, कारण जोराच्या धारेने कोवळी कवचे फुटतात. नमुने टिकवण्यासाठी वापरायच्या फॉर्मालिनमध्ये बोरॅक्स घालून त्याची आम्लता घालवावी. नाहीतर कवच हळूहळू विरघळते आणि ज्या खुणेवरून ओळख पटवायची तीच जाते. कवचावरची वलये मोजून वय सांगण्याची पद्धत थंड समुद्रांत उपयोगी पडते. आपल्याकडे पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडे होते तेव्हाही वाढ थबकून वलय उमटू शकते, त्यामुळे दर महिन्याचे नमुने मोजल्याशिवाय वयाचे विधान करू नये.

पुढच्या शिक्षणासाठी सीएसआयआर-नेट या संशोधनवृत्तीच्या राष्ट्रीय परीक्षेची तयारी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून ठेवावी. १९६६ साली स्थापन झालेली, गोव्यात दोना पावला येथे असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि कोचीची केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था, या दोन्ही ठिकाणच्या शास्त्रज्ञांचे शोधनिबंध आधी वाचावेत आणि मगच प्रकल्पासाठी पत्र लिहावे. पत्रासोबत भीमेच्या शिंपल्यांची स्वतः मोजलेली लांबी, उंची, वजन आणि आतल्या खुणांची रेखाटने जोडावीत.