लिचीवर जाळी घालायची तर

सासूबाई वटवाघळाला मॉरिशसच्या क्रिओल बोलीत ‘सोव्हसुरी’ म्हणतात, आणि त्यापुढे जे म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी मूळची सावंतवाडीची, लग्न होऊन मॉरिशसच्या मराठी घरात आले. अंगणात लिचीची दोन झाडं. नोव्हेंबरात घोस लाल व्हायला लागले की तिन्हीसांजेला ही मोठाली वाघळं हजर. फळ चावतात, रस पिळून घेतात आणि चोथा थुंकतात.

राग येतो, खोटं कशाला बोलू? पण हे वाघूळ मॉरिशस आणि शेजारचं रियुनियन बेट सोडलं तर कुठे नाही. त्याचं एक लहान भावंड, म्हणजे वाघळाचीच दुसरी जात, एकोणिसाव्या शतकातच कायमचं संपलं. मादीला वर्षाला एकच पिल्लू. सरकारने २०१५, २०१६ आणि २०१८ मध्ये हजारोंनी मारली, आणि २०१८ मध्येच ते धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत ‘संकटग्रस्त’ ठरलं. तेव्हा लिची खायची तर जाळीच.

जाळी घेताना दुकानात करंगळी घालून बघा. आरपार गेली की तिथेच ठेवा. ताणल्यावर भोक पाच मिलिमीटरपेक्षा मोठं नको. रंग पांढरा, अंधारात दिसतो. मासेमारीच्या बारीक तंगुसाची तर मुळीच नको. पहिल्या वर्षी स्वस्त म्हणून मी तीच आणली आणि झाडावर गोधडीसारखी टाकून दिली. सकाळी सहाला त्यात एक मादी गुरफटलेली. पंखाचा पडदा फाटलेला, छातीशी पिल्लू. नवऱ्याने जाडा टॉवेल टाकला, मी शिवणाची कात्री चालवली, तर हातमोज्यातूनही चावली. तुम्ही हा शहाणपणा करू नका. टॉवेलने झाका, ऊन लागू देऊ नका, जनावरांच्या डॉक्टरला बोलवा. आमचे डॉक्टर पिल्लू घेऊन गेले. आई दुपारपर्यंतच होती.

आता चौकट. झाडाभोवती लोखंडी गज ठोका, त्यांवर पीव्हीसी पाइप कमानीसारखे वाकवून बसवा. कमान फांद्यांपासून हातभर लांब राहू दे. जाळी फळाला टेकली की वाघूळ वर बसून आरामात जाळीतूनच खातं. मग जाळी बाजेच्या सुंभासारखी ताणा. हात मारला तर उसळली पाहिजे. झोळ राहिला की त्यातच पंख अडकतात. खालच्या कडा विटांनी नीट दाबा. आम्ही एक कोपरा विसरलो, तर शेजारणीचं मांजर आत!

हे सगळं घोस हिरवे असतानाच उरका. एकदा त्यांना चव लागली की रोज येतात. सायक्लोनचा इशारा आला तर आधी जाळी उतरवा, नाहीतर वारा ती शिडासारखी धरतो आणि फांद्यांसकट नेतो. फळ संपलं की झाड छाटा. आमचं एक झाड तीन वर्षांत दीड माणूस उंचीवर आणलंय.

दुसरं, स्वयंपाकघरामागचं, छपराच्याही वर गेलंय. ते तसंच उघडं ठेवते. सासूबाई रोज सकाळी त्याच्याखालच्या चोथ्याच्या गोळ्या झाडताना मला ऐकू जाईल अशा आवाजात हिशेब मांडतात.