गावात वाहतुकीच्या नवीन पाट्या लागल्या की आधी पायी फिरा
आमच्या बाजारपेठेत एकेरी वाहतूक सुरू झाली तेव्हा आठ दिवस माझं हँडल आपोआप जुन्याच वळणाला वळायचं. म्हणून गाडी काढण्याआधी तो रस्ता एकदा पायी फिरा, घरातल्या आजोबांना आणि शाळकरी पोरांनाही सोबत न्या. पाटीचा आकार ओळखला की निम्मं काम होतं: लाल काठाचा त्रिकोण पुढचा धोका सांगतो, लाल गोल मनाई किंवा मर्यादा, निळा गोल दाखवेल तसंच जायचं. उलटा त्रिकोण मात्र वेगळा, तिथे मुख्य रस्त्यावरच्या गाडीला आधी जाऊ द्या. लाल गोलात आडवी पांढरी पट्टी दिसली तर आत शिरूच नका, किराणा दुकान दहा पावलांवर असलं तरी. पाटी फ्लेक्सआड गेली असेल तर ग्रामपंचायतीत त्याच दिवशी कळवा.