ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय आणि मर्जरची बातमी आलीय, आता काय करायचं?

दर काही महिन्यांनी ही बातमी येतेच. अमकी चिप कंपनी तमक्या कंपनीला गिळणार, सूत्रांची माहिती वगैरे, आणि लगेच ग्रुपवर सुरू होतं की थांब आता, कार्ड घेऊ नको, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) बंद होणार, ब्रँडच जाणार. सप्टेंबर २०२४ मध्ये क्वालकॉम इंटेलला घेणार अशी जोरदार हवा झाली, त्यातून काहीही निघालं नाही. मग सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने इंटेलचे ५ अब्ज डॉलरचे शेअर घेणार असं जाहीर केलं तर अर्ध्या लोकांनी इंटेल विकलीच गेली असं धरून चाललं. अहो, ५ अब्जात चारेक टक्के हिस्सा येतो, कंपनी नाही.

तर अशी बातमी आली की पहिलं काम, ती कुठल्या पायरीवर आहे ते बघा. स्थळ सांगून आलंय, साखरपुडा झालाय की लग्न लागलंय, यात जेवढा फरक आहे तेवढाच इथे आहे. बातमीत "चर्चा सुरू असल्याचं समजतं" एवढंच असेल तर दोन्ही कंपन्यांच्या वेबसाइटवर गुंतवणूकदारांसाठीचं पान असतं ते उघडा. खरा करार झाला असेल तर तिथे प्रेस रिलीज असते आणि त्यात प्रत्येक शेअरमागे किती पैसे, त्यातले रोख किती, सौदा साधारण कधी पूर्ण होणार, हे सगळं लिहिलेलं असतं. हे आकडे नसतील तर ती अफवा, मग युट्यूबवाल्याने थंबनेलवर कितीही लाल बाण काढलेले असोत.

खरा करार कसा दिसतो ते बघायचं तर २००६ चं एएमडी-एटीआय घ्या. एटीआय म्हणजे कॅनडातल्या मार्कमची कंपनी, रेडियॉन कार्ड त्यांचंच, आणि घेणारी एएमडी प्रोसेसर बनवणारी. मेअखेरपासून कुजबुज होती, आणि २४ जुलैला जाहीर झालं की ५.४ अब्ज डॉलरला घेतोय, शेअरमागे १६.४० डॉलर रोख आणि वर एएमडीच्या शेअरचा तुकडा. २५ ऑक्टोबरला सौदा पूर्णसुद्धा झाला, तीन महिन्यांत! आता एवढ्या झटपट होत नाही. एएमडीनेच ऑक्टोबर २०२० मध्ये झायलिंक्स ही चिप कंपनी घ्यायचं जाहीर केलं ते फेब्रुवारी २०२२ मध्ये पूर्ण झालं.

दुसरं काम, परवानगी कोणाकोणाची लागणार ते बघणं. इथेच बरेच सौदे आपटतात. एनव्हिडियाने सॉफ्टबँकेकडून आर्म ही चिप डिझाइन करणारी कंपनी घ्यायचा ४० अब्ज डॉलरचा करार सप्टेंबर २०२० मध्ये झाला, डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफटीसीने (बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) दावा ठोकला, ब्रिटन आणि युरोपातही चौकशी चालूच होती, फेब्रुवारी २०२२ मध्ये गाशा गुंडाळला, आणि आगाऊ घेतलेले सव्वा अब्ज डॉलर सॉफ्टबँकेने ठेवून घेतले. क्वालकॉम एनएक्सपी ही चिप कंपनी घेणार होती, ते २०१८ मध्ये चीनची परवानगी न आल्यामुळे गेलं. इंटेल टॉवर ही चिप कंपनी घेणार होती, त्याचंही तेच, ऑगस्ट २०२३ मध्ये.

यात एक सोपी युक्ती आहे. जी कंपनी विकली जाणार तिचा शेअर बाजारात कितीला चाललाय आणि सौद्यातला भाव किती, एवढं ताडून बघायचं. टॉवरला इंटेल शेअरमागे ५३ डॉलर देणार होती आणि ऑगस्ट २०२३ मध्ये शेअर ४० च्याही खाली होता. म्हणजे पैसे लावून बसलेल्या लोकांचाच विश्वास उडालेला होता, आपण कशाला ठेवायचा. (शेअर घ्या-विका असं मी सांगत नाहीये हां, फक्त भाव बघा.)

आता कार्ड घेणाऱ्याला खरा फरक काय पडतो. एटीआयच्या वेळी लोकांना मोठी भीती ही होती की रेडियॉन आता फक्त एएमडीच्याच मदरबोर्डावर चालणार. तसं काही झालं नाही, कार्ड बसवायचा पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉट सगळ्यांचा सारखाच, क्रॉसफायर (दोन रेडियॉन कार्डं एकत्र चालवायची सोय) सुद्धा इंटेलच्या बोर्डावर चालू राहिलं. उलटापालट झाली ती चिपसेटमध्ये, म्हणजे मदरबोर्डावर प्रोसेसरला बाकी भागांशी जोडणाऱ्या चिपमध्ये. तोवर एएमडीच्या प्रोसेसरसाठी गेमिंगचा चांगला चिपसेट म्हणजे एनव्हिडियाचा एनफोर्स, आणि इंटेलच्या स्वतःच्या काही बोर्डांवर एटीआयचा चिपसेट, म्हणजे कोण कोणाचा मित्र हेच कळू नये अशी परिस्थिती, आणि सौदा झाल्यावर दोन्ही मैत्र्या पातळ झाल्या. मर्जरच्या बातमीत नाव नसलेली तिसरी कंपनी बघायची ती यासाठी.

कार्डांचं म्हणाल तर पहिलं दीड वर्ष वाईट गेलं. नोव्हेंबर २००६ मध्ये एनव्हिडियाने ८८०० जीटीएक्स आणलं आणि त्याला उत्तर म्हणून आलेलं एएमडीचं एचडी २९०० एक्सटी उशिरा, मे २००७ मध्ये आलं, तापायचं, वीज खायचं आणि तरी जीटीएक्सला गाठायचं नाही. एएमडीला एटीआयपोटी अब्जावधी डॉलर राइट ऑफ करावे लागले. पण जून २००८ मध्ये एएमडीचं एचडी ४८७० आलं २९९ डॉलरला, आणि महिन्याभरातच एनव्हिडियाला जीटीएक्स २८० चा भाव ६४९ वरून ४९९ वर आणावा लागला. ज्यांनी २००६ मध्ये "आता स्पर्धाच संपली" म्हणून घाईघाईत महागडं कार्ड उचललं त्यांचं काय झालं असेल ते बघा.

ड्रायव्हरचं मात्र नीट तपासायचं, कारण तिथे फटका बसतो. एटीआयच्या एक्स१९५० पर्यंतच्या जुन्या कार्डांना कॅटॅलिस्ट ९.३ (कॅटॅलिस्ट हे त्यांच्या ड्रायव्हरचं नाव), म्हणजे मार्च २००९ नंतर नेहमीचे ड्रायव्हर मिळाले नाहीत, आणि विंडोज ७ तर त्याच वर्षी ऑक्टोबरात आलं. त्याहून वाईट थ्रीडीएफएक्सचं, म्हणजे वूडू कार्डं बनवणाऱ्या जुन्या कंपनीचं. डिसेंबर २००० मध्ये एनव्हिडियाने त्यांचं तंत्रज्ञान आणि मालमत्ता घ्यायचं ठरवलं, सगळी कंपनी नाही, त्यामुळे वूडू कार्डवाले अधांतरी राहिले, नंतर हौशी लोकांनीच ड्रायव्हर बनवून दिवस काढले. म्हणून प्रेस रिलीजमध्ये कंपनी घेतायत की फक्त मालमत्ता, ही ओळ शोधा.

वॉरंटीचा मर्जरशी फारसा संबंध नाही. चिप एनव्हिडियाची किंवा एएमडीची, पण कार्ड बनवणारे वेगळे, असुस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक, सफायर वगैरे, आणि वॉरंटी त्यांची. ईव्हीजीएने २०२२ मध्ये ग्राफिक्स कार्डांचा धंदाच सोडला तेव्हा कुठलंही मर्जर नव्हतं. तेव्हा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर ऑनलाइन घ्या, जीएसटीचं बिल घ्यायचं, बिलावर सीरियल नंबर लिहून घ्यायचा, तो खोक्यावरच्या आणि कार्डावरच्या नंबराशी जुळतो का तिथेच बघायचं. दुकानदार "बाहेरचा पीस आहे, दोन हजार कमी लावतो" म्हणाला तर भारतात वॉरंटी कोण देणार ते आधी विचारा. तो म्हणेल "मी आहे ना". तेवढ्यावर घेऊ नका.

इंटेलबद्दलच्या अशा बातम्या ऐकून इंटेलचं आर्क बी५८० हे कार्ड घ्यावं का, हा हल्ली सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. माझं मत, भाव जमत असेल तर घ्या. त्यातलं एक्सई२ ग्राफिक्स इंटेलच्या कोअर अल्ट्रा २००व्ही लॅपटॉप चिपमध्येही आहे, त्यामुळे ड्रायव्हरचं काम एका रात्रीत बंद करणं त्यांनाच परवडणार नाही. फक्त पीसी जुना असेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, चालू होतो का ते आधी बघा, तो नसेल तर आर्क बरंच मागे पडतं, आणि मग त्याच पैशात दुसरं कार्ड बघितलेलं बरं.