पोस्टकार्डाएवढे पान आणि शाईची रेघ

चित्र काढायची हौस आहे, पण वेळ मिळत नाही, असे सांगणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांचे म्हणणे खरेही असते. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट या परीक्षा दिलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या मनात चित्र म्हणजे बोर्डावर टाचलेला मोठा कागद, शेजारी पाण्याचा मग आणि सलग दोन-तीन तासांची बैठक, हे समीकरण पक्के बसलेले असते. एवढी सवड नोकरी, घर आणि बागायत सांभाळणाऱ्याला रोज मिळणे शक्य नाही. म्हणून ज्यांना रोज रेखाटायचे आहे, त्यांनी आधी चित्राचे माप वेळेच्या मापाला बसवून घ्यावे. तळहातात मावणारी ए-६ आकाराची, म्हणजे १०५ बाय १४८ मिलिमीटरची वही, एक पेन आणि दहा मिनिटे एवढे पुरते. रत्नागिरी तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात राहून मी अशा वह्या भरत आले आहे. त्यातून जे उमगले ते येथे सांगते.

पेन्सिलऐवजी पेनच घ्यावे, याला माझ्या दृष्टीने एक भक्कम कारण आहे. पेन्सिलीबरोबर खोडरबर येते आणि दहातली सहा मिनिटे पहिली रेघ सुधारण्यात जातात. शाईची रेघ पुसता येत नाही, म्हणून ती ओढण्यापूर्वी वस्तूकडे नीट पाहावे लागते, आणि ती चुकलीच तर तिच्या शेजारी बरोबर रेघ ओढून पुढे जावे लागते. चुकलेली रेघ तशीच राहू द्यावी. पाहणाऱ्याची नजर दोन रेघांतली योग्य ती निवडते, आणि महिन्याभराने वही चाळताना आपण नेमके कोठे फसतो हे आपल्यालाही दिसते. माझ्या पहिल्या वहीतल्या बहुतेक माडांच्या बुंध्याला दोनऐवजी तीन कडा आहेत, कारण बुंधा सरळ धरून मी सुरुवात करत असे आणि निम्म्यावर गेल्यावर त्याचा बाक लक्षात येत असे. त्या तिसऱ्या कडेनेच मला माड बघायला शिकवले.

साधनांवर फार खर्च करण्याची गरज नाही. घरातल्या बॉलपेनने सुरुवात करावी. हाताचा दाब कमी-जास्त केला की त्यातून फिकट आणि गडद रेघ मिळते, हा त्याचा मोठा गुण आहे. पाच-सहा आठवडे सवय टिकली, तर मग ०.३ किंवा ०.५ मिलिमीटर टोकाचे, पिगमेंट शाईचे (न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाईचे) फाइनलायनर, म्हणजे बारीक टोकाचे पेन घ्यावे, कारण ती शाई वाळल्यावर पाण्याने पसरत नाही. याचे महत्त्व मला उशिरा कळले. एका जूनमध्ये हर्णै बंदरावर काढलेली वीस-बावीस पाने मी फाउंटन पेनातल्या साध्या निळ्या शाईने रेखाटली होती, आणि एसटीच्या खिडकीतून आलेल्या पावसाच्या एका झडीने त्यातल्या होड्या, जाळी, माणसे यांचा एकच निळा ओघळ झाला. तेव्हापासून कोणतेही नवे पेन आणले की वहीच्या शेवटच्या पानावर एक रेघ ओढून, तासाभराने तिच्यावर ओले बोट फिरवून पाहते. फाउंटन पेन वापरणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. बाटलीत मिळणारी जलरोधक ड्रॉइंग इंक त्यात भरू नये. तिच्यात बहुधा लाख असते आणि ती आत वाळली की पेन कायमचे तुंबते. ती शाई टाकासाठी, म्हणजे दौतीत बुडवून वापरायच्या लेखणीसाठी आहे. कागद १५० जीएसएमच्या (एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन) आसपासचा, कार्ट्रिज जातीचा, म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद असावा. झेरॉक्सच्या ७०-८० जीएसएम कागदावर शाई मागच्या बाजूला उमटते.

वेळ ठरवताना घड्याळातला तास ठरवू नये. रोज घडणारे एखादे वाट पाहणे ठरवावे. एसटी येईपर्यंतची वेळ, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंतची वेळ, दाभोळ-धोपावे फेरीबोट पलीकडून येईपर्यंतची वेळ, यांपैकी जी आपल्या दिवसात हमखास येते तिला चित्र बांधून टाकावे. वही आणि पेन त्याच ठिकाणी किंवा त्याच पिशवीत असावे. काय काढायचे हेही आदल्या रात्री ठरवलेले असले पाहिजे, कारण विषय शोधण्यात दहा मिनिटे सहज संपतात. मी आठवड्याला एकच विषय घेते. सात दिवस तीच विळी, तोच गडगा (दगड रचून केलेले कुंपण) किंवा तीच पडवीची कड काढली की तिसऱ्या दिवसापर्यंत कंटाळा येतो, आणि चौथ्या दिवशी पूर्वी न दिसलेले काहीतरी दिसू लागते. म्हणून तिसऱ्या दिवशी विषय बदलण्याचा मोह आवरावा.

उदाहरणादाखल बांगडा घ्या. बाजारातून आणलेला बांगडा साफ करण्यापूर्वी ताटलीत आडवा ठेवून दहा मिनिटे काढण्यासारखा उत्तम विषय आपल्याकडे दुसरा नाही. प्रथम तोंडापासून शेपटीपर्यंतची लांबी आणि पोटाजवळची सर्वांत जास्त उंची पेन आडवे-उभे धरून ताडून घ्यावी. मग पाठीची रेघ एका ओढीत आणावी आणि पोटाची रेघ तिच्याकडे न बघता, माशाकडे बघत ओढावी. पाठीवरच्या दुसऱ्या पराच्या मागे शेपटीपर्यंत पाच लहान सुटे पर असतात, तसेच खालच्या बाजूलाही. ते मोजून काढले की चित्र नुसत्या माशाचे न राहता बांगड्याचे होते. छातीच्या पराच्या खालच्या कडेजवळ एक काळसर ठिपकाही असतो. खवल्यांच्या वाटेला अजिबात जाऊ नये. पाठीवर तिरप्या बारीक रेघा द्याव्या आणि पोट कोरे सोडावे, म्हणजे त्याची चमक कागदच दाखवतो.

हेच तत्त्व छायेला सर्वत्र लागू पडते. शाईत राखाडी रंग नसतो, म्हणून तीनच पायऱ्या ठेवाव्या: कोरा कागद, एका दिशेच्या रेघा, आणि त्यांच्यावर आडव्या दिशेने दिलेल्या दुसऱ्या रेघांची जाळी. जांभ्याच्या चिऱ्यावरची भोके सगळ्या चिऱ्यावर टिंबे देऊन दाखवली तर दगडाला देवी आल्यासारखे दिसते. छायेच्या कडेला थोडी दाटीने टिंबे दिली आणि उजेडाची बाजू मोकळी ठेवली तर चिरा जड वाटतो. मंगळुरी कौलांचे छपरही असेच आहे. कोन्याजवळची आठ-दहा आणि पागोळ्या पडतात त्या कडेची एक ओळ एवढीच कौले नीट काढावी, मधला भाग दोन-चार तुटक रेघांनी सुचवावा. वाळूवर ओढून ठेवलेली होडी काढताना मात्र छायेआधी काठाचा बाक बघावा. नवशिके तो ताटासारखा सपाट काढतात, आणि नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे तो किती वर चढतो हे त्यांच्या नजरेतून सुटते. होडीला उलांडी (ती कलंडू नये म्हणून बाजूला जोडलेला आधार) असेल तर उलांडीचा ओंडका होडीला समांतर जातो हे तपासावे. ती एक रेघ चुकली तर होडी वाकडी दिसते.

बंदरावर मासळीच्या लिलावाच्या गर्दीतली माणसे दहा मिनिटे एका जागी राहत नाहीत. त्यांच्यासाठी प्रत्येकी अर्धे मिनिट ठेवावे, डोके आणि पाय जमिनीवर टेकतात ती जागा आधी टिपावी आणि पाठीचा कल एका रेघेत घ्यावा. चेहरे काढायचे असतील तर आधी विचारावे. टोपलीमागे बसलेल्या मावशींना पान दाखवले की बहुधा त्या स्वतःच ‘माझा नाक इतका मोठा नाय हा’ म्हणून चूक सांगतात, आणि ती बहुधा बरोबर असते.

रेघेवर विश्वास बसत नसेल, तर एखाद्या सकाळी कातळशिल्पे पाहायला जावे. उक्षी, बारसू, देवाचे गोठणे, कशेळी येथील जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर कोरलेली ही चित्रे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली. उक्षीचा हत्ती पाहताना लक्षात येते की पाठ, सोंड, पाय हे सगळे केवळ बाह्यरेषेने उभे केले आहे. दगडावर कोरताना खोडण्याची सोय नव्हती. सकाळी लवकर, ऊन तिरपे असताना खाचांत सावली पडते आणि रेघ स्पष्ट दिसते. तेव्हा पेन शक्यतो न उचलता तीच बाह्यरेषा आपल्या पानावर उतरवावी. रेघ उठून दिसावी म्हणून खाचांत खडू किंवा पाणी घालू नये आणि चित्रावर पाय देऊ नये.

सवय मोडते ती पावसाळ्यात. हवेतला दमटपणा कागदात शिरतो, एरवी चांगल्या वाटणाऱ्या कागदावरही शाई फुटू लागते आणि बाहेर बसण्याची सोय राहत नाही. त्यामुळे जून ते सप्टेंबर हे चार महिने मी घरातल्या विषयांसाठीच राखते: ओटीवर उलट्या टांगलेल्या छत्र्या, सुकत घातलेली इरली, चुलीवरचे भांडे, पागोळ्यांखालचा हंडा. वही घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि काढलेले पान पूर्ण वाळल्यावरच मिटावे. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन पाने भरून भरपाई करू नये. तशी भरपाई दोन-तीनदा साचली की वही उघडण्याचीच धास्ती वाटू लागते. चुकलेल्या दिवसाची तारीख लिहून पान कोरे सोडावे आणि पुढच्या पानावर जावे.

प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारीख, ठिकाण आणि लागलेली मिनिटे लिहावी. भरलेल्या वह्या पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हाच्या दिवसांत, सावलीच्या कडेला तासभर उघडून ठेवाव्या, कसर लागली आहे का ते शिवणीत पाहावे, आणि मगच पुन्हा डब्यात घालाव्या. थेट उन्हात ठेवू नयेत, बॉलपेनची पाने फिकी पडतात.